फक्त आपण दोघं आणि इस्तंबूल

क्षमाने इस्तंबूलचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, त्याच्या कोपऱ्यांवर चटणीची बरणी, मिठाचं भांडं, लेकीचा कंपास आणि स्वतःचा मोबाइल ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "एकच अट आहे. फक्त आपण दोघं."

"अर्थात!" यशपाल म्हणाला.

"अर्थात नको. नीट म्हण."

"फक्त आपण दोघं."

"तिसरं कुणी नाही."

"अगं, तिसरं कोण येणार आहे?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर गोष्ट वेगळी होती. यशपाल गजभियेने तो विचारावा म्हणजे कमालच. यशपाल मूळचा नागपूरचा. फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नला एका ऑफिसात सॉफ्टवेअर करायचा, स्वभावाने सोनं, पण एक खोड होती. कुठेही निघाला की समोर दिसेल त्याला "चला ना, तुम्हीपण!" म्हटल्याशिवाय त्याला करमत नसे. दाढी करायला सलूनमध्ये निघाला तरी म्हणायचा. आता नागपुरात याने काही बिघडत नाही. समोरचा म्हणतो, "नाही हो, तुम्ही या जाऊन," आणि दोघंही समाधानाने आपापल्या वाटेला लागतात. पद्धत असते ती. फक्त एकदाच गडबड झाली होती. लग्नानंतर उटीला निघताना यशपालने निरोप द्यायला आलेल्या आतेभावाला, हरीशला, "चल ना, तूपण!" म्हटलं. हरीश दुसऱ्या दिवशी उटीत हजर. बायकोसकट! त्या ट्रिपच्या प्रत्येक फोटोत क्षमाच्या शेजारी हरीशची बायको उभी आहे, कारण हरीश आणि यशपाल मिळून फोटो काढत होते.

त्याला आता बारा वर्षं होत होती. मधल्या काळात जर्मनी झालं, कीर्ती झाली, दोघांच्या नोकऱ्या झाल्या. दोघांचं, दोघांसाठी असं काही झालं नाही. या वर्षी मात्र योग जुळून आला. यशपालचे आईवडील, दादाराव आणि द्रौपदीबाई, तीन महिन्यांसाठी आले होते. कीर्तीला सांभाळायला हक्काची माणसं घरात होती. मे महिन्यात जोडून सुट्ट्या होत्या. क्षमाने आया सोफियापासून चालत जाता येईल असं, खिडकीतून समुद्र दिसणारं, एक छोटं हॉटेलसुद्धा बघून ठेवलं होतं.

"तिकिटं उद्या काढू," यशपाल म्हणाला.

तो उद्या उजाडला आणि यशपाल ऑफिसात कॉफीच्या मशीनजवळ उभा राहिला. शेजारी युर्गन होता. युर्गन क्रुगर हा त्याच्या टीममधला सगळ्यात जुना माणूस. कमी बोलणारा, डबा मोजून खाणारा, संध्याकाळी ठरलेली एस-बान लोकल पकडून घरी जाणारा.

"सुट्टीत काय करणार?" युर्गनने विचारलं.

"इस्तंबूलला चाललोय. मी आणि क्षमा."

"इस्तंबूल!" युर्गन कपात बघत म्हणाला. "गुड्रुन आणि मी किती वर्षं म्हणतोय."

झालं. यशपालची जीभ आपली सुटलीच. "मग चला ना, तुम्हीपण!"

युर्गनने कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "या ऑफिसात मला इतकी वर्षं झाली," तो म्हणाला, "कुणीही मला कधी कुठे चल म्हणालं नाही."

यशपालने त्याचा खांदा थोपटला आणि म्हणाला, "अरे, त्यात काय एवढं!"

दुपारी यशपालच्या मेलवर कॅलेंडरचं आमंत्रण येऊन पडलं, 'इस्तंबूल: पहिली पूर्वतयारी बैठक'. चार वाजता युर्गन स्वतः आला. त्याची सुट्टी मंजूर झाली होती, गुड्रुनची सुट्टी मंजूर झाली होती आणि त्यांचा कुत्रा बहिणीकडे राहणार हेही पक्कं झालं होतं. यशपालने अजून स्वतःच्या सुट्टीचा अर्जही केला नव्हता.

घरी क्षमाने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "कॉफीच्या मशीनजवळचा युर्गन?"

"हो."

"आपल्याबरोबर? आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला?"

"मला काय माहीत तो खरंच येतो म्हणेल!"

"अरे, जर्मन आहे तो! चल म्हटलं की चालायला लागतो. उद्या जा आणि नाही म्हणून सांग."

"तोंडावर? आपणच बोलावून? काहून बिचाऱ्याचं मन मोडायचं? डोळे भरून आले होते गं त्याचे."

"मग सुचव. आडून आडून सुचव. पण हे मोडून ये."

आडून सुचवणं यशपालला चांगलं जमायचं. सगळ्या खानदानात ते जमायचं. दुसऱ्या दिवशी त्याने चेहरा काळजीचा केला आणि म्हणाला, "युर्गन, इस्तंबूलमध्ये चढउतार फार आहेत हं. तुझा गुडघा..."

"बरं झालं सांगितलंस," युर्गन म्हणाला, आणि त्याने वहीत टिपून घेतलं. पुढच्या दिवशी तो घडीच्या दोन काठ्या घेऊन आला आणि कॉरिडॉरमध्ये टकटक चालून दाखवू लागला.

"जेवण मसालेदार असतं," यशपालने सुचवलं.

"हो, गुड्रुनने कालपासून सूपमध्ये मिरची टाकायला सुरुवात केली आहे. थोडी थोडी वाढवणार आहे."

"गर्दी तर विचारू नकोस."

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणून प्रत्येक ठिकाणी दार उघडायच्या आधी पोचायचं."

यशपालने शेवटचा उपाय काढला. "खरं सांगू का, तुम्हा दोघांना आमच्याबरोबर कंटाळा येईल. चौघंच तर आपण."

यावर युर्गन दिवसभर विचारात दिसला. यशपालला वाटलं, चला, लागला बाण. पण दुसऱ्या दिवशी युर्गन उजळलेल्या चेहऱ्याने आला. "तुझं बरोबर आहे. चार म्हणजे फार कमी. मी आमच्या डोंगर फिरणाऱ्या ग्रुपला विचारलं. तिघं तयार आहेत. चालेल ना?"

आता इथे 'नाही' म्हणायला अगदी सरळ, उघडी, आयती जागा होती. यशपाल म्हणाला, "हो, हो, येऊ द्या! सगळे आपलेच!"

हे त्याने क्षमाला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, त्याला नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तू बोलूच नको कुणाशी आता. काही दिवस मौन धर."

पण यशपालच्या डोक्यात एक नामी युक्ती आली होती. हॉटेलच इतकं लहान घ्यायचं की त्यात दोन-तीनच खोल्या असतील! मग युर्गन, त्याची टोळी, सगळे आपोआप दुसरीकडे कुठेतरी उतरतील. असं हॉटेल कुणाला ठाऊक असणार? तळमजल्यावरच्या नुर्तेनला. नुर्तेनचं कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, जन्म जर्मनीतला पण माहेर इस्तंबूल. ती टपालपेटीपाशी उभी होती तेव्हा यशपालने तिला गाठलं.

"हॉटेल?" नुर्तेन म्हणाली. "का? माझा भाऊ मेला की काय?"

"नाही, नाही, तसं नव्हे..."

"इस्तंबूलमध्येच, उस्कुदारला तीन मजली घर आहे त्याचं. मे महिन्यात तो बायकापोरांना घेऊन गावी जातो. घर रिकामं. तुम्ही तिथे राहायचं."

यशपालने ओळखलं, ही तर आपल्याच पद्धतीची बाई! हिला तीनदा नको म्हटलं की सुटलो. तो म्हणाला, "नको हो, उगाच त्रास."

"त्रास कसला? सकाळचा नाश्ता शेजारीण आणून देईल."

"नाही, खरंच नको."

"सासरकडचा पुतण्या गाडी घेऊन येईल विमानतळावर."

"अहो नको, आम्ही बरेच जण आहोत."

"बरेच जण?" नुर्तेनच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मग तर मीच येते. एवढ्या माणसांचं जेवण शेजारणीला कसं जमेल?"

गडबड अशी होती की इस्तंबूलकडचे लोकसुद्धा नको नको म्हणतच हो म्हणतात. यशपाल जितक्या वेळा नको म्हणाला तितका पाहुणचार वाढत गेला. चौथ्यांदा नको म्हणण्याआधी तो पळत जिना चढला, नाहीतर भावाच्या कुटुंबालाही गावाहून परत बोलावलं गेलं असतं.

वर द्रौपदीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांना नुर्तेनने आधीच खिडकीतून हातवारे करून सगळं सांगितलं होतं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसे, पण बातमी एकही चुकत नसे.

"मोठं घर आहे म्हणे," द्रौपदीबाई म्हणाल्या. "चांगलं झालं. जा तुम्ही सगळे. आमचं काय, आम्ही राहू इथे पोरीजवळ."

कुठल्याही मराठी मुलाला विचारा, आईच्या 'आमचं काय'नंतर काय म्हणावं लागतं. यशपाल म्हणाला, "आई, असं काय म्हणतेस? चला ना, तुम्हीपण!"

"नाही रे बाबा, आता काय वय राहिलं का आमचं फिरायचं?"

"चल गं."

"तुझे बाबा येणार नाहीत."

"कोण म्हणून राहिलं येणार नाहीत?" बाहेरून दादारावांचा आवाज आला.

यशपाल घाबरला. आता यातून व्हिसाच सोडवेल अशी त्याला आशा वाटली. "बाबा, तुमच्या व्हिसावर एकदा जर्मनीबाहेर गेलं की परत येता येणार नाही बहुतेक."

दादाराव एसटीतून डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते. ते पासपोर्ट घेऊनच आत आले. "हे पाहा. 'मल्ट' लिहिलेलं आहे. कितीही वेळा जा, कितीही वेळा या. अरे, तिकीट वाचल्याशिवाय मी खिशात टाकत नाही."

"ओपा आणि ओमा जाणार तर मीपण!" आजोबा-आजीला ओपा-ओमा म्हणणारी कीर्ती जर्मनमध्ये ओरडली. तिला मराठी सगळं कळायचं. फक्त बोलायचं नसायचं.

शनिवारी सगळ्यांची बैठक यशपालच्याच घरी भरली. क्षमाने पुडाच्या वड्या केल्या, नुर्तेन चीज भरलेले बोरेक घेऊन आली, गुड्रुन सफरचंदाचा केक घेऊन आली आणि युर्गनच्या ग्रुपमधले तिघं बूट काढून हॉलमध्ये एका ओळीत बसले. थोड्याच वेळात बैठकीची सूत्रं युर्गन आणि दादारावांच्या हातात गेली. एक जण जर्मनमध्ये बोलत होता, दुसरा मराठीत, पण गाडी सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ आणि मधला थांबा या विषयांवर दोघांचं असं काही जमलं की विचारू नका.

"पहिल्या दिवशी टोपकापी राजवाडा," युर्गन नकाशावर बोट ठेवून म्हणाला.

"आधी संडास-बाथरूम कुठे आहे ते विचार त्याला," दादाराव मुलाला म्हणाले. "प्रवासी त्यावरच चिडतात."

यशपालने भाषांतर केलं. युर्गन उठला आणि त्याने दादारावांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. म्हणाला, आजवर त्याच्या ग्रुपमधल्या कुणालाही हा मुद्दा सुचला नव्हता.

क्षमा वड्या वाढत होती. ती हसत होतीसुद्धा. मग युर्गन म्हणाला, "आल्झो, तर मग, झोपण्याची व्यवस्था. वरच्या मजल्यावर पुरुष, खालच्या मजल्यावर महिला."

"वा! उत्तम!" यशपाल म्हणाला, आणि मग त्याची नजर क्षमाकडे गेली. तिचं हसू गेलं होतं. तिने रिकामी ताटली उचलली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आतून भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही. भांडी आदळली असती तर यशपालला जरा धीर आला असता. तो मागोमाग आत गेला.

"रागावलीस?"

"नाही."

"मग?"

क्षमा ओट्याला टेकून उभी होती. "मला इस्तंबूल नको होतं रे, यश," ती म्हणाली. "मला तू हवा होतास. चार दिवस. तू सगळ्यांना हवासा वाटतोस, मला माहीत आहे. मलापण त्याचसाठी आवडलास. पण सगळ्यांना वाटून झाल्यावर माझ्या वाटणीला काही उरतच नाही."

यशपाल दाराकडे वळला. तो म्हणाला, "मी आत्ता बाहेर जातो आणि सगळ्यांना नाही सांगतो."

"तू?" क्षमाला रडताना हसू आलं. "तू नाही सांगायला जाशील आणि येताना आणखी दोघांना बोलावून येशील. राहू दे. जा, चहा झालाय, तो ने बाहेर."

त्यानंतर तिने त्या ट्रिपविषयी चकार शब्द काढला नाही. यशपालला खूप अपराधी वाटत होतं. ते झाकण्यासाठी तो सगळ्यांची कामं करत सुटला. गुड्रुनला मोबाइलवर भाषांतराचं अॅप टाकून दिलं, आईबाबांचे तुर्कस्तानचे ई-व्हिसा काढले, कीर्तीच्या प्रवासाची कागदपत्रं केली. विमानाची सगळी तिकिटं युर्गन एकत्र काढणार होता, त्यामुळे ती काळजी नव्हतीच.

निघायच्या दिवशी सकाळी फ्रँकफुर्टच्या विमानतळावर यशपाल हमालासारखा राबत होता. आईची बॅग, नुर्तेनची भावासाठी घेतलेली चॉकलेटांची खोकी, युर्गनच्या काठ्या, सगळं ट्रॉलीवर चढवत होता. दादारावांनी गळ्यात शिट्टी अडकवली होती. युर्गन एकेकाला बोर्डिंग पास वाटत होता. सगळ्यांचे वाटून झाले आणि त्याचे हात रिकामे झाले.

"आणि आमचे?" यशपालने हात पुढे केला.

"तुमचे?" युर्गन गोंधळला. "तुम्ही तर येत नाही आहात."

"कोण म्हणालं?"

"क्षमा. तिकिटं काढायच्या आधी मी तिला फोन करून विचारलं, तुम्ही दोघं येणार ना? ती म्हणाली, नाइन. नाही."

"मग?"

"मग काय?" युर्गनला प्रश्नच कळेना. "ती नाइन म्हणाली. मी म्हणालो, शाडे. म्हणजे वाईट वाटलं. आणि तिकिटं काढली."

यशपालने वळून पाहिलं. क्षमा मागे उभी होती. तिच्या खांद्याला फक्त पर्स होती. सकाळपासून सगळ्यांच्या बॅगा उचलणाऱ्या नवऱ्याला बायकोची बॅगच नाही हे दिसलं नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं?" त्याने द्रौपदीबाईंना विचारलं.

"मीच म्हटलं सूनबाईला, तुम्ही राहा घरी, पोरीला आम्ही नेतो," द्रौपदीबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "अरे, लग्नानंतर तुझ्या बापानं मला पहिल्यांदा पिक्चरला नेलं, तर अख्खा डेपो घेऊन आले होते. मी काय बोलणार तेव्हा? ही बोलली. बरं झालं."

दादारावांनी शिट्टी वाजवली. डोंगर फिरणारा ग्रुप, नुर्तेन, कीर्ती, सगळे एका ओळीत सिक्युरिटीकडे चालू लागले. कीर्तीने मागे वळून "च्युस!" म्हणत हात हलवला आणि ती नुर्तेनचं बोट धरून गेलीसुद्धा.

घरी आल्यावर यशपाल बूटही न काढता सोफ्यावर बसला. घरात कुणी नव्हतं. कुकर वाजत नव्हता, कीर्तीचं कार्टून नव्हतं, बाबांचा खोकला नव्हता. क्षमाला वाटलं, आपण जास्तच केलं का? ती त्याच्याजवळ बसली.

"चिडलास?"

"तुझ्यावर नाही." यशपालचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. "पण त्या युर्गनने एकदा तरी आग्रह करायला नको का? माझीच ट्रिप! मी बोलावलेलं त्याला! एकदा तरी म्हणायचं, असं कसं, तुम्ही नाही म्हणजे काय, चला ना! एकदासुद्धा नाही?"

"ती लोकं एकदाच विचारतात, यश. नाही म्हटलं की नाही. किती सोपं आहे! मी उगाच इतकी वर्षं जीव आटवला."

यशपालने यावर बराच विचार केला. गेल्या काही आठवड्यांत त्याला दोन्ही बाजूंनी चांगलाच धडा मिळाला होता. यापुढे सरळ विचारायचं, सरळ ऐकायचं आणि मान ठेवायचा, असं त्याने ठरवलं. बाहेर छान ऊन पडलं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"क्षमा, बाहेर जायचं? नदीवर फिरून येऊ. फक्त आपण दोघं."

क्षमाच्या गालावर लाली चढली. गेल्या बारा वर्षांत साऱ्या जगाला बोलावणाऱ्या या माणसाने तिला असं कधी बोलावलंच नव्हतं. ती आपली येणारच असं धरून चाललेला. तिने पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं केलं आणि लाजून म्हणाली, "नको."

"बरं," यशपाल म्हणाला. "ठीक आहे." आणि त्याने लॅपटॉप उघडला.

मग क्षमाने फाडकन लॅपटॉप बंद केला.

"एवढंच?" ती कडाडली. "संपलं? जर्मन झालास का तू? आग्रह कर की मेल्या!"

यशपालने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला इतकं हसू आलं की बोलता येईना. कसाबसा उठून त्याने हात जोडले. "चल ना गं."

"मला नाही यायचं."

"असं कसं? तू नाही म्हणजे काय? तुझ्याशिवाय मजा नाही. चल ना!"

"नाही म्हटलं ना," क्षमा म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.